अकीलाबीचे तारामासे

पांढरकवड्यात अकीलाबीचं घर शोधायचं तर 'समुद्रवाल्या बाईचं घर' असं विचारावं, म्हणजे पोरंसोरंसुद्धा दारापर्यंत आणून सोडतात. वास्तविक त्रेपन्न वर्षांत या बाईनं समुद्र पाहिलेला नाही. दोनदा हैदराबादला जाऊन आली, पण तिथंही तलावच पाहिला. मात्र पुढच्या खोलीतल्या दोन फळ्यांवर तिनं जो समुद्र मांडलाय, तो पाहायला शाळेचे मास्तर येतात आणि पंपाची मोटार दुरुस्तीला आणलेले शेतकरी मोटार विसरून उभे राहतात.

मोटारींचं काम तिच्या नवऱ्याचं, इम्तियाजचं. जळालेल्या मोटारीतून निघालेली लांब तार भंगारात जाते आणि वीतभर-वीतभर तुकडे बायकोच्या डब्यात पडतात. माती कुंभाराकडची. तारेचा सांगाडा वळायचा, त्यावर माती चढवायची आणि सावलीत वाळवायचं, एवढंच तिचं तंत्र. पहिल्या वर्षी मात्र तिच्या नाकी नऊ आले. माती वाळताना आकसते, आतली तार काही आकसत नाही, त्यामुळं केलेलं सगळं तडकायचं. शेवटी एक दिवस तिनं जिनिंगच्या कुंपणाला अडकलेला कापूस वेचून आणला, बोटांनी पिंजला आणि मातीत मळला. तडे थांबले. ही अक्कल तिला कुणी शिकवली नव्हती.

पण समुद्रच का, हे सगळे विचारतात. त्याचं उत्तर तिच्या सासूपाशी आहे. सासूला अख्खी गल्ली अम्मा म्हणते. अम्मांचं लहानपण घाटंजीकडच्या एका खेड्यात गेलं, त्यामुळं या घरात आजही वऱ्हाडीच चालते. अकीलाबीनं सर्वांत आधी केली होती चिमणी, मुगाच्या दाण्यांचे डोळे लावून. ती फळीवर आली आणि अम्मांनी त्या खोलीत नमाज पढणं बंद केलं; जिवाची मूर्ती असेल तिथं नमाज होत नाही, अशी त्यांची श्रद्धा. पौषाच्या थंडीत बाहेर ओट्यावर चटई टाकायला लागल्या. भांडण नाही, टोमणा नाही. सुनेनंच चौथ्या दिवशी चिमणी मोडली आणि विचारलं, तेव्हा अम्मा म्हणाल्या, "ज्याले चेहरा हाय, डोळे हायेत, ते बनवू नको. बाकी जे वाटते ते बनव. मी काही म्हणणार नाही."

अकीलाबीनं शब्द दिला. सहा महिने पानंफुलं केली आणि कंटाळली. मग बहिणीच्या मुलीनं, फरहानं, शाळेचं एक चित्रांचं पुस्तक आणून दिलं. त्यात शिंपले होते, जेलीफिश होते, पाच पायांचे तारामासे होते. जिवंत असून चेहरा नाही असे इतके जीव एकाच ठिकाणी! आपल्यासारख्या बाईची सोय अल्लाहनं समुद्रात आधीच करून ठेवली होती, असं तिला खरोखर वाटलं. त्या दोन फळ्या म्हणजे तिनं या घरात स्वतःसाठी मागितलेली एकमेव जागा होती.

अम्मांना बऱ्याच वर्षांपासून नीट दिसत नाही. नवीन काही झालं की त्या मांडीवर घेऊन बोटांनी चाचपायच्या आणि डोळ्यांचं विचारायच्या.

"हे पाह्यते कुठून?"

"पाह्यतच नाही, अम्मा."

"बरं. ठेव मंग."

असं नऊ वर्षं चाललं. यंदा हिवाळ्यात फरहा आली. आता ती यवतमाळला बी.एस्सी. करते. फळीवर एकोणीस तारामासे होते. एक उचलून ती म्हणाली, "खाला, याच्या प्रत्येक पायाच्या टोकाले एक डोळा राह्यते, माहीत हाय काय? परवाच शिकवलं आमाले." आणि मोबाइलवर तिनं टोकाचा लालसर ठिपका मोठा करून दाखवला.

अकीलाबीनं आधी मागच्या दाराकडं पाहिलं. अम्मा मागच्या अंगणात होत्या, त्यांनी ऐकलं नव्हतं. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती, आणि कुणी तिला दोषही दिला नसता. पण हिला तीन दिवस घास गोड लागेना. चौथ्या दिवशी अम्मा तुरीच्या शेंगा सोलत बसल्या असताना ती समोर जाऊन बसली.

"अम्मा, तारामाशाले डोळे राह्यतेत. मले माहीत नव्हतं."

"किती?"

"पाच. पायाच्या टोकाले."

अम्मांनी हातातली शेंग सोलून संपवली. "काहून सांगतलं मले?"

"शब्द दिलता तुमाले."

"आता मले माहीत झालं, अकीला. आता ते घरात नाही ठेवता येत."

खरं सांगायचं तर अम्मा हसतील, जाऊ दे म्हणतील, अशी तिला आशा होती. तिला राग आला, अम्मांचा आणि त्याहून जास्त स्वतःच्या जिभेचा. इम्तियाज तर भडकलाच. "आण इकडे सगळे, दुकानात ठेवतो," म्हणाला.

"दुकानात ठेवले म्हणून बनवणारी बदलते काय?" असं म्हणून तिनं एकोणीसच्या एकोणीस तारामासे पाण्याच्या घमेल्यात टाकले. न भाजलेली माती ती, दुपारपर्यंत त्यांचा चिखल झाला. तारा वेगळ्या काढताना ती हमसून रडली. खाटेवरच्या अम्मांना दिसलं नसेल, पण ऐकू नक्की गेलं.

पंधरा दिवस तिनं मातीला हात लावला नाही. वरची फळी रिकामी होती. अम्मा येता-जाता त्या फळीवरून हात फिरवायच्या आणि पुढं जायच्या.

मग अकीलाबीचे हात शिवशिवायला लागले. त्याच तारा सरळ करून तिनं पोवळं वळलं, फांद्याफांद्यांचं, हातभर उंच. पण पोवळं झाडासारखं दिसलं तरी झाड नव्हे. हजारो बारीक जीव चिकटून ते बनतं आणि प्रत्येकाला तोंड असतं, असं पुस्तकात होतं. डोळे नसतात, हे तिनं फरहाला फोन करून दोनदा विचारून घेतलं. पण तोंड असलं की चेहरा झाला का, हे काही तिला ठरवता येईना. हेही मोडायचं तर मोडू, पण लपवायचं नाही, असं ठरवून तिनं वाळलेलं पोवळं अम्मांच्या मांडीवर ठेवलं.

अम्मांनी बुंध्यापासून चाचपायला सुरुवात केली. एकेक फांदी टोकापर्यंत नेली, परत खाली आल्या, दुसरी धरली.

"झाड हाय," त्या म्हणाल्या.

"अम्मा, ते दिसते तसं, पण पुस्तकात..."

"अकीला." अम्मांची बोटं थांबली नाहीत. "मी विचारून नाही राह्यली, सांगून राह्यली. झाड हाय हे. जाय, ठेव वरच्या फळीवर."