बर्फाच्या लादीखालचं पाणी

बापूजी मेश्राम माझे सख्खे मामा. मौद्याच्या वीज कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाले, पण हुकूम सोडायची सवय काही गेली नाही. मे महिन्यातल्या लग्नात मांडव गार ठेवायला पंख्यासमोर बर्फाची लादी लागते, आणि आमच्या नात्यात ती ठेवायचा मान मामांचाच. बर्फातलं त्यांना सगळं कळतं. त्यांची मुलगी भावना हिमनद्यांवर संशोधन करते, ते मात्र त्यांच्या मते रिकामपणचे उद्योग.

यंदा तिला दोन महिने हिमालयात, प्रत्यक्ष हिमनदीवर जायचं होतं. मामा म्हणाले, "नाही." का, तर "नाही म्हटलं नं!" भीती वाटते असं म्हणायला फोरमनची जीभ वळत नाही.

माझ्या लग्नात गालिचा भिजू नये म्हणून मामांनी अक्कल लढवली. स्टेज एका बाजूला जरा उतरतं होतं; त्याच्या वरच्या टोकाला जुना फ्लेक्स अंथरला, कडा वर दुमडून विटा लावल्या आणि त्यात लादी ठेवली.

भावना म्हणाली, "बाबा, खाली भोक पाडा नं. पाणी कोंडलं का लादी उचलल्या जाते, मंग घसरते. हिमनदीचंही असंच आहे. पाण्याले वाट भेटली तं ती दमानं चालते."

"काहून वं, मले बर्फ शिकवून राहिली का?"

भन्तेजींनी त्रिसरण सुरू केलं, सगळ्यांनी हात जोडले आणि लादी निघाली. इतक्या शांतपणे आमच्याकडे पाहुणेसुद्धा येत नाहीत. वीट बाजूला सारून ती थेट नवरदेवाकडे, म्हणजे माझ्याकडे आली. मामा मधे आडवे आले. "थांब!" म्हणून ओरडले आणि पाय पुढे केला. कारखान्यात सगळे थांबायचे. लादी थांबली नाही.

धंतोलीच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर लागलं. भावना उशाशी बसून म्हणाली, "मी नाही जात, बाबा."

 मामा म्हणाले, "तिथं 'थांब!' म्हणासाठी मी नसीन." मग म्हणाले, "पाय टाकाच्या आधी पाह्यजो. खालचं पाणी निघून राहिलं का कोंडलं? कोंडलं असंन तं मांगं फिरजो. जाय."

तिचाच विषय तिलाच शिकवत होते. एरवी ती भांडली असती. आता मात्र त्यांचा हात धरून ती मान हलवत होती, जणू हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होती.