पयले काडी, मंग चावी

शेगडी पेटवण्याआधी जिजी जमिनीला नाक लावायची. पदर खोचून, गुडघे टेकून ती शेगडीच्या पायांपाशी वाकायची आणि खोल श्वास ओढायची. नवखा ट्रकवाला असला की त्याला वाटायचं, बाई अग्नीला नमस्कार करतेय. तोही हात जोडायचा.

"पाया नही पडी ऱ्हायनी, भाऊ," ती सांगायची. "गॅस जड ऱ्हास, खाले बसस. वास उना ते पेटाडानं नही."

मग उठून ती सिलिंडर चालू करायची, पेटती काडी बर्नरच्या कडेला धरायची, तोंड बाजूला ठेवायची आणि शेगडीची चावी हळूहळू उघडायची. ज्योत निळी होऊन गोल धरली की मान वर करून रस्त्यापलीकडे बघायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची, "पयले काडी, मंग चावी."

विसरवाडीच्या चौफुलीवर तुम्ही कधी जेवायला उतरला असाल, तर हे तुमच्याही कानावर आलं असेल. तुम्हाला वाटलं असेल, बाई नोकराला शिकवतेय. नोकर नव्हताच. रस्त्यापलीकडे एक मोठं हॉटेल होतं, त्याच्या गल्ल्यावर शेठ बसायचा. ते त्याच्यासाठी होतं.

माझं पंक्चरचं दुकान तिच्या शेजारी, म्हणून मला सगळं ठाऊक.

जिजी आधी त्याच हॉटेलात स्वयंपाकाला होती. मूळची रनाळ्याकडची, नवरा नाही, एकुलती मुलगी सोनगडला दिलेली. एका सकाळी शेठ स्वतःच मोठी भट्टी पेटवायला गेला. त्याने चावी उघडली आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बोलत बोलत तो बाहेर आला. जिजी मागच्या अंगणात मेथी निवडत होती. शेठने फोनवर हात ठेवून सांगितलं, "जिजी, भट्टी पेटाडी दे." ती आत गेली. मेथीच्या आणि मसाल्यांच्या वासात तिला दुसरा वास आला नाही. तिने काडी ओढली.

भडक्याचा आवाज माझ्या दुकानापर्यंत आला. हात, गाल, भुवया. आम्ही तिला एका टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. दवाखान्याच्या दारात लोक जमले, कसं झालं म्हणून विचारू लागले. शेठ म्हणाला, "बाईले गॅस पेटाडता येत नही. मी काय करू?"

जिजी शुद्धीवर होती. तिने ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य चौफुलीवरच्या प्रत्येक टपरीवर पोचलं होतं.

भावाकडे रनाळ्याला राहून ती बरी झाली. उजव्या हाताची बोटं मात्र पुरती सरळ होईनात. ती परत आली तेव्हा मला वाटलं, सामान न्यायला आली असेल. ती माझ्या दुकानाशेजारच्या मोकळ्या जागेत उभी राहिली आणि समोरच्या हॉटेलाकडे बघत तिने विचारलं, "भाऊ, आठून त्यान्हा गल्ला दिसस का?"

"दिसस."

"मंग आठेच."

तिथे तिने पत्र्याखाली शेगडी मांडली. कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा. चव अशी की लोक समोरच्या पंख्याखालून उठून इकडे उन्हात येऊन बसायचे. आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला भाकरीबरोबर ती गोष्ट मिळायची. जिजी ती शेठला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. शेठने वैतागून गाण्यांचा आवाज वाढवला. जिजी गाणं संपायची वाट बघायची आणि राहिलेली गोष्ट पूर्ण करायची.

मी एकदा म्हणालो, "जिजी, पुरे कर आते."

"कातडी भरी येस, भाऊ," ती भाकरी थापत म्हणाली. "बोलनं भरत नही."

शेठचे आचारी दुपारी तिच्याकडे तंबाखू खायला येत. त्यांना ती पेटवायची रीत शिकवायची, रबरी नळी वाकवून चिरा बघायला लावायची. एके दिवशी ते शेठपुढे उभे राहिले, नळ्या बदला नाहीतर आम्ही चाललो. शेठला सगळ्या नळ्या बदलाव्या लागल्या. सुडाचा पहिला फायदा असा त्याच्याच हॉटेलाला झाला. जिजीला हे सांगितलं तर ती हसली नाही.

मध्ये एकदा शेठ पेढ्यांचा पुडा घेऊन आला. हळूच म्हणाला, "जिजी, सोडी दे आते."

"तुम्ही दवाखानाना दारमा बोलनात," जिजी म्हणाली. "आते कानमा नका बोलू."

तो गेला. पेढे तिने गिऱ्हाइकांना वाटले. कुणाचे ते प्रत्येकाला सांगून.

मग होळी आली. होळीला आमच्याकडची डोंगरातली माणसं गावी जातात, त्यांना कुणी थांबवू शकत नाही. शेठचे आचारी त्यांतलेच, सगळे गेले. नेमकी त्याच दुपारी सुरतेकडून एका वऱ्हाडाची बस त्याच्या दारात थांबली. शेठने जेवण कबूल करून ठेवलं होतं. तो स्वतः स्वयंपाकघरात शिरला. थोड्या वेळाने त्याची बायको धावत रस्ता ओलांडून आली.

"जिजी, वास येस. काडी विझी जास आनि मालक पुन्हा पेटाडतस."

जिजीने आधी आपली शेगडी बंद केली. मग ती गेली, मागोमाग मीही. तिने दारातूनच ओरडून शेठच्या हातातली काडीपेटी टाकायला लावली. सिलिंडर बंद केला, दारंखिडक्या उघडल्या. पंख्याच्या बटणाकडे गेलेला एकाचा हात तिने झटकला. "सम्दा बाहेर निंघा." नवरा, नवरी, वरमाई, सगळं वऱ्हाड रस्त्याकडेला उन्हात उभं राहिलं.

जमिनीला नाक लावून खात्री झाल्यावर तिने शेठला आत बोलावलं. वऱ्हाड दारात, खिडक्यांत. शेठने काडी ओढली. जिजी म्हणाली, "थांबा. बाईले काय येत नव्हतं, शेठ?"

काडी जळत बोटांपर्यंत आली. त्याने ती टाकली, दुसरी ओढली.

"येत व्हतं," तो म्हणाला.

"जोरमा."

"बाईले येत व्हतं. चावी मन्हाकडतून उघडी ऱ्हायनी व्हती."

जिजीने वाकड्या बोटांनी त्याची हनुवटी धरून तोंड बाजूला वळवलं आणि तिथेच धरून ठेवलं. "आते चावी. हयू हयू." भट्टी पेटली.

"पेटनी. आते रांधा," असं म्हणून ती निघून आली. वऱ्हाड तिच्या मागोमाग आलं. त्या दुपारी तिच्याकडचं सगळं पीठ संपलं.

मला वाटलं, आता ही गोष्ट ती जन्मभर सांगेल. पण दुसऱ्या दिवसापासून ती मुकाट्याने शेगडी पेटवू लागली. रस्त्यापलीकडे तिने पुन्हा पाहिलं नाही. जुने ड्रायव्हर मुद्दाम विचारायचे, शेठचं पुढे काय झालं? ती म्हणायची, "भाजी वाढू का?"

शेठने पुढे हॉटेल विकलं. जिजीही थकून मुलीकडे सोनगडला गेली, आणि या थंडीत तिथेच वारली. मी पोचवायला गेलो होतो, तेव्हा शेवटच्या दिवसांचं सगळं मुलीने सांगितलं.

परवा नवापूरच्या स्टँडवर शेठ भेटला. फार वाळलाय. माझ्या शेजारी बाकावर बसला.

"जिजी गयी म्हने."

"हो."

"शेवटले मन्हं नाव काढं का?"

"नही."

"शिवी तरी?"

"शिवी बी नही."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. अजून काहीतरी येईल, असं त्याला वाटत होतं. तुला माफ केलं म्हणाली, एवढं खोटं मी बोललो असतो तर म्हातारा हलका झाला असता. मी बोललो नाही. त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. माझी गाडी लागली. मी चढलो, आणि मला खिडकीची जागा मिळाली.