धुराड्यापाशी असलेली फट

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या ज्या गल्लीत मी मुलीकडे राहतो, तिथली घरे जुनी, विटांची आणि एकमेकांना लागून उभी आहेत. प्रत्येक छपरावर धुराडे आहे, पण त्यांतून धूर निघणे केव्हाच थांबले. आमच्या उजवीकडच्या घराच्या धुराड्याला बिलगून पावसाचे पाणी अडवण्यासाठी शिशाचा पत्रा बसवलेला आहे. त्याची एक कड उचकटली होती. त्या फटीतून आत शिरून पाकोळ्यांचे एक जोडपे दर उन्हाळ्यात संसार मांडीत असे. या पक्ष्यांचे आयुष्य आकाशातच जाते. खाणेपिणे तिथेच आणि झोपही तिथेच. अंडी घालण्यापुरताच त्यांचा घराशी संबंध येतो आणि त्यासाठी आफ्रिकेहून ते नेमके त्याच फटीकडे परत येतात.

हे सारे मला डावीकडच्या घरातल्या बाईंनी शिकवले. त्या इथल्या इस्पितळात परिचारिका होत्या, आता निवृत्त, एकट्या. पक्ष्यांची नोंद ठेवणाऱ्या स्वयंसेवकांचा एक गट आहे, त्यात आमच्या गल्लीची जबाबदारी त्यांच्याकडे. जुनी छपरे दुरुस्त होतात, फटी बुजतात आणि पाकोळ्या बेघर होतात. कोणती फट राहती आहे हे कोणी पाहिलेले असेल तरच ती वाचवता येते. म्हणून सूर्य मावळतीला आला की खुर्ची टाकून बसायचे आणि फटीवरून दृष्टी हलवायची नाही, कारण पाकोळी आत शिरते ती पापणी लवायच्या आत.

पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मला सोबत बोलावले तेव्हा ती वेळ माझ्या संध्येची आहे, असे मी सांगितले.

"तुमचे देव थोडे थांबतील, प्रोफेसर," त्या म्हणाल्या. "ह्या नाही थांबत."

मी प्रोफेसर नव्हे, शाळेत संस्कृत शिकवणारा साधा शिक्षक होतो. तसे मी पुष्कळदा सांगितले. त्यांनी ते कधी मानले नाही. मी संध्या पुढे ढकलली आणि मग ध्यानात आले की फारसे काही ढकललेले नाही. एका जागी स्थिर बसून चित्त एका बिंदूवर ठेवायचे आणि जे येईल त्याची वाट पाहायची, याहून निराळे मी आयुष्यभर काय करीत आलो होतो?

यंदा हिवाळा सरता सरता त्यांचे कर्करोगाचे दुखणे हाडांत उतरले. वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत त्यांची खाट लावली. तिथून आकाशाचा एक तुकडा दिसे, धुराडे दिसत नसे. हा उन्हाळा आपला शेवटचा, हे त्यांना ठाऊक होते आणि परिचारिकेच्या कोरड्या आवाजात त्यांनी ते मलाही सांगितले. मागितले एवढेच, की पाकोळी आत गेलेली मी डोळ्यांनी पाहावी आणि येऊन सांगावे. दुसऱ्या कोणाचे सांगणे त्यांना नको होते.

एरवी वसंतात कोणी नवे राहायला आले की त्या स्वतः जाऊन त्यांना फट दाखवीत. यंदा त्यांना उठता आले नाही, आणि मी त्या सुमारास मुलाकडे मिल्टन कीन्सला होतो. नेमके तेव्हाच उजवीकडचे घर एका तरुण मराठी डॉक्टर जोडप्याने घेतले. त्यातल्या तरुणीच्या आईवडिलांनी पुण्याहून वास्तुशांतीचा मुहूर्त पाठवला. घर पूर्ण झाकलेले असल्याशिवाय वास्तुशांती करू नये असा शास्त्रार्थ आहे, आणि छप्पर एका कोपऱ्यात गळत होते. जोडपे श्रद्धाळू. त्यांनी मुहूर्तापूर्वी कारागीर बोलावून प्रत्येक भेग बंद करून घेतली.

वास्तुशांतीला मला सन्मानाने बोलावले होते. मिल्टन कीन्सहून मी त्याच सकाळी परतलो आणि थेट पाटावर जाऊन बसलो. वास्तूतल्या सर्व भूतांना भाताचे बली दिले. छपराकडे पाहण्याचे मला सुचले नाही.

पाकोळ्या त्याच आठवड्यात आल्या. संध्याकाळी एक काळी रेघ छपरावरून वळली, सरळ धुराड्याकडे आली आणि पत्र्यावर आदळली. पुन्हा उंच गेली, वळली, पुन्हा आदळली. एकदा ती नखांनी पत्र्याला लटकली, घसरली आणि खाली पडता पडता सावरून उडाली. इतकी वर्षे तिथे दार होते. ती त्याच जागी येत राहिली. मी खुर्चीतून उठलो आणि तसाच त्या जोडप्याच्या दाराशी गेलो.

दोघे बाहेर येऊन पाहू लागले. तरुणीच्या डोळ्यांत पाणी आले. तिच्या नवऱ्याने तिथल्या तिथे कारागिराला फोन लावला. अडचण निराळीच निघाली. त्याच्या आईने पुण्याहून बजावले होते की वास्तुशांत झाल्यावर लगेच छप्पर फोडणे अशुभ, आणि सून आता दोन जिवांची आहे.

"आई म्हणते, पक्ष्यांना पाहुणे म्हणून येऊ देत, मुक्कामाला कशाला," तो ओशाळून म्हणाला. "आजोबा, तुम्हीच सांगा. तुमचं ती ऐकेल."

मी त्याला विचारले, आपण बली कोणाला दिले? वास्तूत जे जे राहतात त्यांना. या तर तुमच्या आधीपासून राहतात.

"आईंना सांगा, फट उघडा असं मी म्हणालो," मी म्हणालो. "दोष लागलाच तर त्याची शांती मी करीन, आणि माझ्या नावानं करीन."

आईंनी ते मानले. पण छपरापर्यंत चढायला बांधलेली परांची काढून नेली होती आणि कारागीर दुसऱ्या कामावर अडकला होता. तो येईपर्यंत रोज संध्याकाळी ते आदळणे मी पाहत बसे. पत्र्याची कड पुन्हा उचलली गेली तेव्हा त्या तरुणीने खाली उभे राहून हात जोडले. त्या संध्याकाळी पाकोळ्या गल्लीवरून किंचाळत गेल्या, धुराड्यापाशी मात्र आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. कदाचित आदळून आदळून त्यांनी ती जागा सोडून दिली असेल.

या साऱ्या काळात मी रोज बाईंकडे जात होतो. खिडकी सताड उघडी असे आणि पाकोळ्यांचे ते बारीक किंचाळणे आत येई. ते ऐकून त्यांचा चेहरा उजळे. पक्षी आले आहेत, असे मी सांगत होतो आणि ते खरे होते. त्यापुढे त्यांनी विचारले नव्हते, मी बोललो नव्हतो. फट उघडल्यानंतर काही दिवसांनी त्यांनी विचारले.

"आत जाताना पाहिलीत?"

शेजारी औषधाचा पेला होता. मी तो उगाच सरळ केला. हो म्हणणे किती सोपे होते, आणि त्याने कोणाचे काय बिघडले असते, हे मी आजही स्वतःला विचारतो. पण त्यांनी मागितले होते ते माझे सांत्वन नव्हे, माझे डोळे मागितले होते.

"नाही," मी म्हणालो, आणि मग सगळे सांगितले. छप्पर, मुहूर्त, आदळणे, उशिरा आलेला कारागीर.

सगळे ऐकून त्या म्हणाल्या, "त्या पोरांवर रागावू नका. सांगायला मी जायला हवं होतं."

बाहेर पुन्हा ते किंचाळणे घुमले. छपरांवरून सगळा थवा एकदम गेला असावा. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"प्रोफेसर," त्या म्हणाल्या, "तेवढी खिडकी लावून घ्या."

मी खिडकी लावली. जून महिना होता, खोलीत उकडत होते. तरी त्यानंतर त्यांनी ती कधी उघडू दिली नाही.