लातूरच्या गाडीतली बाई

औशाच्या बसस्टँडवर मी पेरू विकते. एक बाई रोज लातूरच्या गाडीत चढून बसायची आणि गाडी सुटायच्या आधी उतरायची. मला वाटलं, हिचं डोकं फिरलेलं दिसतंय. विचारलं तर तिनं सरळ सांगितलं. गाडी हलली की तिचा जीव गुदमरायचा, म्हणून कित्येक वर्षं ती गावाबाहेर गेली नव्हती. आता लातूरला लेक बाळंत व्हायची होती. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी तिला पायऱ्या ठरवून दिल्या होत्या. आधी उभ्या गाडीत बसायचं, मग एक थांबा जायचं, मग त्याच्या पुढं.

पहिला थांबा गाठायच्या दिवशी ती गाडीच्या दाराशीच अडून राहिली. मी म्हटलं, "चल, मी येते संग."

"नगं मावशी. तुम्ही आलाव तर मला वाटंल, तुमच्यामुळं वाचले."

राग आला, पण पटलं. ती एकटीच गेली आणि घाम पुसत चालत परत आली. नवस बोलणारे मी पुष्कळ बघते. असं शिस्तीनं भीतीला भिडणारं माणूस दुसरं पाहिलं नाही.

परवा ती लातूरहून आलेल्या गाडीतून उतरली.

"गेली का भीती?" मी विचारलं.

"न्हाई. बसली हुती की शेजारी," ती म्हणाली. "नात लई रडकी हाय, मावशी."