तेहतीस फुटांचा चेहरा

“आधी चेहरा बघा, मास्तर. बाकीचं कुठं पळून जात नाही.”

अकरा वर्षांत बाईंनी हे किती वेळा म्हटलं असेल, ते मास्तरांनाही सांगता येणार नाही. मास्तर म्हणजे थिएटरचे ऑपरेटर, मशीन चालवणारे. बाई म्हणजे केबिनमागच्या खोलीत बसून तुटलेली फिल्म जोडणाऱ्या. थिएटरवर बारा महिने एकच पाटी असे, ‘फक्त प्रौढांसाठी’. माणसं मान खाली घालून आत येत आणि भिंतीकडे तोंड करून बाहेर पडत.

मास्तर सव्वीस वर्षं असले सिनेमे दाखवत होते आणि त्यांतला एकही त्यांनी धड पाहिला नव्हता. “मी मशीन बघतो, पडदा नाही,” असं ते छाती पुढे काढून सांगत. घरीही सांगत. त्यावर त्यांची बायको म्हणे, “मग मलाही दोन चाकं लावून घ्या, म्हणजे माझ्याकडेही बघाल.” मास्तर हसत आणि जेवत.

बाईंचं काम शिवणकामासारखं. दुधी काचेचं टेबल, काचेखाली दिवा, दोन चक्र्या, कात्री, पातं आणि चिकटद्रव्याची बाटली. फिल्मचं टोक खरवडायचं, द्रव्य लावायचं, दाबून धरायचं आणि मनात दहा मोजायचे. त्यांचा जोड मशीनमधून जाताना साधा टक्‌ आवाजही करत नसे. मास्तरांना त्याचा फार अभिमान.

त्या थिएटरची एक रीत होती. सिनेमा लांबला की मॅनेजर सांगे, इथून काप, तिथून काप. कापलेला तुकडा रिळाचा नंबर लिहून खिळ्याला टांगायचा. प्रिंट परत जायच्या दिवशी, शेवटचा खेळ सुटला की, सगळे तुकडे जिथल्या तिथे जोडून द्यायचे. प्रिंटच्या मालकाला पत्ता लागता कामा नये.

त्या आठवड्यात लागलेल्या सिनेमात एक प्रसंग होता. पुरुष दिवा मालवायला हात पुढे करतो. त्याच्याजवळची स्त्री तो हात धरते, म्हणते, “राहू दे,” आणि तोच हात तिला हवा तिथे आपल्या अंगावर ठेवते. त्यानंतर बराच वेळ पडद्यावर फक्त तिचा चेहरा.

“चेहऱ्यासाठी कोण तिकीट काढतं?” मॅनेजर म्हणाला. “हे उडवा.”

तेहतीस फूट भरले. बावीस सेकंद. बाईंनी तुकडा कापला, पण खिळ्याला लावला नाही. काचेवर धरून भिंग घेऊन एकेक चौकट बघत बसल्या. मास्तर चहा घेऊन आले तरी मान वर नाही.

“काय सापडलं एवढं?”

“ही कुणाला खूश करत नाहीये, मास्तर. स्वतः खूश आहे.” मग भिंग खाली ठेवून म्हणाल्या, “माझा नवरा वाईट नव्हता हो. पण आधी दिवा मालवायचा. बारा वर्षांत माझा चेहरा कसा होतो, ते त्यालाही कळलं नाही आणि मलाही.”

मास्तरांना कुठे बघावं कळेना. त्यांनी चहात बघितलं.

नवरा जाऊन चौदा वर्षं झाली होती. आणि आता खाली हॉलमध्ये एक गादीवाला होता. पाच महिने तो एकेक रांग उसवून खुर्च्यांना नवी गादी, नवं कापड चढवत होता. एकटा माणूस, हात जाड, बोलणं मऊ. अर्धं काम झाल्यावर त्याने बाईंना विचारलं होतं, “माझ्या गावी चलता का? लग्न करून.” बाई म्हणाल्या होत्या, “बघू.” भावाने निरोप धाडला होता की या वयात असली थेरं करशील तर आमचं दार बंद. आता एकच रांग उरली होती. ती संपली की गादीवाला जाणार.

“भावाला घाबरता होय?” मास्तरांनी विचारलं.

“भावाचं काय, चार वर्षांत त्याचा राग उतरेल. मला हेच कळत नाही की मला तो हवाय, की नुसता एकटेपणाचा कंटाळा आलाय.”

मास्तरांनी रिकामे कप उचलले. खरं सांगायचं तर ते ‘बघू’ तसंच राहावं, असं त्यांना आतून वाटत होतं. असा जोड त्यांना दुसरं कोण देणार होतं?

प्रिंट परत जायचा दिवस आला. दुपारचा खेळ. मास्तर मशीनपाशी. प्रसंग आला, “राहू दे” ऐकू आलं आणि मास्तर वाट बघत होते ती आवाजातली उडी आलीच नाही. पडद्यावर तो चेहरा. बाईंनी तुकडा एक खेळ आधीच जोडला होता.

हॉलमध्ये शिट्ट्यांची सवय. त्या बावीस सेकंदांत कुणी खोकलंही नाही. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा केबिनच्या झरोक्यातून पडदा बघितला. मग खाली बघितलं. शेवटच्या रांगेत गादीवाला ओठांत चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून, हातोडी मांडीवर ठेवून, वर बघत बसला होता.

मॅनेजर तणतणत आला. “हे कसं झालं?”

“चुकलं,” बाई म्हणाल्या.

अकरा वर्षांत त्यांचा एक जोड चुकला नव्हता. मास्तर मशीनला तेल घालू लागले.

खेळ सुटल्यावर बाई खाली गेल्या. मास्तरांना झरोक्यातून ऐकू आलं.

“किती राहिल्या?”

“तीन खुर्च्या.”

“उरका. मी येतेय.” मग जरा थांबून, “आणि एक आत्ताच सांगते. दिवा मालवायचा नाही.”

गादीवाल्याने तोंडातल्या चुका एकेक करून काढल्या. “मला कुठं अंधारात दिसतंय,” तो म्हणाला. बाई इतक्या मोठ्याने हसल्या की झाडूवाली दारातून डोकावली.

त्या दिवशी मास्तर घरी गेले आणि बायकोकडे बघत बसले. तिच्या भुवईत एक पांढरा केस होता. तो कधीचा, त्यांना माहीत नव्हतं. “काय झालं?” ती म्हणाली. “तब्येत बरी आहे ना?” “बरी आहे,” मास्तर म्हणाले, “तुला बघतोय.” ती लाजली. बत्तीस वर्षांच्या संसारात ती अशी लाजते, हेही त्यांना नवंच होतं. मनातल्या मनात त्यांनी बाईंना हात जोडले.

चौथ्या दिवशी बाई निघाल्या. कात्री आणि भिंग मास्तरांनी त्यांच्या पिशवीत घातलं. त्या दिवशी ते बायकोला केबिनमध्ये घेऊन आले होते, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

हॉलचे दिवे लागलेले होते. गादीवाला हत्यारांची पेटी घेऊन पुढे. बाई मधल्या वाटेने, दोन्ही बाजूंच्या नव्या खुर्च्यांवरून हात फिरवत मागोमाग. दाराशी त्या वळल्या आणि वर झरोक्याकडे बघितलं.

“हसतेय ती,” मास्तरांची बायको म्हणाली.

“हो,” मास्तर म्हणाले. “बघितलं मी.”

दार मागेपुढे झुलून थांबलं, तरी दोघं त्या एवढ्याशा झरोक्याला डोकं लावून उभी होती.