सुळक्यावरची हिरवी बांगडी

तळव्याला गंजक्या लोखंडाचा वास आला की मला टाकवे गावामागचा तो सुळका आठवतो. माथ्यावर देवीचं ठाणं, पण वर पोचायचे ते फक्त दोर टाकून चढणारे गडी. मग ट्रेकर पोरांनी कड्यात लोखंडी पायऱ्या ठोकल्या, कडेनं जाड तार ताणली आणि साठी उलटलेल्या माझ्या सासूबाई काष्टा मारून, वर कमरेचा पट्टा आवळून निघाल्या. मी त्यांच्या मागे. पट्ट्याला दोन हूक, दोन्ही तारेत अडकवलेले. तार कड्याला जखडणारा खिळा आला की एक काढून पलीकडे लावायचा, मगच दुसरा काढायचा. खाली भातखाचरं चमकत होती, वाऱ्यानं तार गुणगुणत होती. अर्ध्यावर घाईत एक हूक सुटा असतानाच मी दुसऱ्याला हात घातला. "अगं ये पोरी!" सासूबाई वरून ओरडल्या, "कासाराकडं समद्या बांगड्या एकदम उतरवतीस व्हय? हात भुंडा ठिवू नगंस!" मी आधी सुटा हूक लावला. तो खट्ट बसल्याचं ऐकूनच त्या पुढं सरकल्या. माथ्यावर त्यांनी ओटीतल्या हिरव्या बांगड्या देवीपुढं ठेवल्या. सासरे गेल्यापासून त्यांचे स्वतःचे हात भुंडेच होते. जरा थांबून त्यांनी त्यातलीच एक उचलली आणि आपल्या मनगटात चढवली. "उतरायचं हाय अजून," त्या म्हणाल्या. ती बांगडी केव्हाच पिचली. पण त्याआधी त्यांनी दुसरी भरली होती.