टेलरमामांचा चुकलेला अंदाज

रेणापुरात जेवढा म्हणून राग आहे त्यातला निम्मा एकट्या आमच्या टेलरमामांकडे आहे, आणि उरलेला निम्मा त्यांच्या दुकानातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसांकडे. मी इथल्या शाळेत बावीस वर्षं मास्तरकी करतोय. रागावणं हा माझ्या पोटापाण्याचाच भाग आहे, पण मामांपुढे मी अजून उमेदवारी करणारा. मामा दुकानाचं शटर वर करतात ते रागाने, मशीनला तेल देतात ते रागाने, आणि दुकानातल्या महादेवाच्या तसबिरीला बेल वाहतात तेही कालचं एक काम राहिल्याची आठवण करून देत. त्यांना रेडीमेड कपड्यांचा राग आहे, चेनचा राग आहे, आणि इलॅस्टिकचा तर इतका की ज्याला माप घेता येत नाही अशा कुणा आळशी माणसाने ते काढलं असणार असं ते खात्रीने सांगतात. एका लग्नाच्या वरातीत त्यांनी घोडा थांबवून नवरदेवाच्या शेरवानीची बाही तपासली होती. ती बोटभर लांब निघाली. तेव्हा, लेकाचं लग्न एकदाच करता ना, मग दुसऱ्याच्या मापात कशाला करता, असं नवरदेवाच्या बापाला विचारून मामा न जेवता घरी गेले, आणि घरी स्वयंपाक केलेला नाही म्हणून तिथेही रागावले.

मामांच्या गळ्यात टेप असतो, पण तो वकिलाच्या काळ्या कोटासारखा, दाखवण्यापुरता. खरं माप ते कागदाच्या पट्टीवर घेतात. जुन्या वर्तमानपत्राची लांब पट्टी कापायची, ती लेकराच्या अंगाला लावायची, आणि जिथे खांदा संपला, जिथे कंबर आली, जिथे मनगट लागलं, तिथे कात्रीने एकेक खाच मारायची. प्रत्येक लेकराला दर जूनमध्ये, नवं शिवायचं असो नसो, अकरा खाचा, ना कमी ना जास्त. माझा मुलगा पहिलीत होता तेव्हा मी विचारलं होतं की मामा, शर्ट अर्ध्या बाहीचा, मग मनगट कशाला मोजता? घोटा कशाला मोजता? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्गात जाऊन गपचूप बसावं. "हात-पाय मोजल्याबिगर लेकरू कसं कळंल, सर? तुमी पयलं पान वाचून परीक्षा घेता का?" या पट्ट्यांवर पेन्सिलीने नाव आणि वर्ष लिहून ते त्या खिळ्याला अडकवतात आणि कधी म्हणजे कधी टाकत नाहीत. त्यांच्या दुकानाची एक अख्खी भिंत अशा पट्ट्यांनी भरलेली आहे. माझा मुलगा आता पुण्यात नोकरी करतो, त्याला टक्कल पडू लागलंय, पण त्याचा दुसरीतला घोटा अजून मामांच्या भिंतीवर आहे.

या सगळ्या खटाटोपामागे मामांचा एक अभिमान होता. जूनमध्ये गणवेश शिवताना आमच्याकडची प्रत्येक आई एकच वाक्य म्हणते, "मामा, वाढतं शिवा." मग शिंपी खाली दुमड ठेवतात, म्हणजे पुढच्या वर्षी ती उसवून कपडा लांब करता येतो. बाकीचे शिंपी सगळ्यांना सरसकट चार बोटं दुमड ठेवत. मामांना हा अन्याय वाटे. ते लेकराला उभं करायचे, मागून पाहायचे, त्याच्या बापाची उंची आठवायचे आणि निकाल द्यायचे, हे तीन बोटं वाढणार, हे साडेचार, हे यंदा अडून बसणार आणि पुढच्या साली उसळणार. आणि तसंच व्हायचं. मामांचा अंदाज चुकला असं गावात कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पाऊस चुकायचा, निवडणुकीचे निकाल चुकायचे, मामांची दुमड चुकायची नाही.

ती चुकली शिवानीच्या बाबतीत. शिवानी पहिलीपासून माझ्याच वर्गात, आता चौथीत. पाढे तोंडपाठ, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. तिचे वडील लातूरला डाळमिलमध्ये कामाला जातात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. ही पोर दीड-दोन वर्षांची होईपर्यंत चारचौघींसारखी होती. चालायला लागली तेव्हा पाय गुडघ्यांतून बाहेर वाकू लागले, आणि चाल अशी की प्रत्येक पावलाला अंग एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झुकायचं. लवकर दमायची, गुडघे दुखतात म्हणून मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून बसायची. आईने तिला तीन डॉक्टरांकडे नेलं. तिघांनीही पायांकडे एक नजर टाकून मुडदूस म्हणून सांगितलं आणि ड जीवनसत्त्वाच्या पुड्या लिहून दिल्या. गुण येईना, की पुड्या वाढत. रक्त तपासावं असं एकालाही वाटलं नाही. माझं डोकं अजून फिरतं ते आठवून.

पण डॉक्टरांपेक्षा वरचढ निदान घरात झालं होतं. शिवानी पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि त्या वेळी तिच्या आईने सुईदोरा हातात घेतला होता, नवऱ्याच्या सदऱ्याला बटण लावायला. म्हणून पोरीचे पाय वाकडे झाले, असा सासूने निकाल दिला आणि गल्लीने तो मान्य केला. सात वर्षं ती बाई हे ऐकत होती. इतरांच्या लेकरांना खाऊ वाटायची आणि पाठीमागून ऐकायची, की सोताच्या लेकराचं वाटोळं केलं हिनं. तिने सुई पुन्हा हातात धरली नाही. साधं बटण तुटलं तरी ती ते घेऊन मामांकडे यायची. मामांना हे कारण ठाऊक नव्हतं, त्यामुळे बटणासाठी येणाऱ्या त्या बाईवरही ते रीतसर रागावत असत.

गेल्या जूनमध्ये ती शिवानीचा जुना फ्रॉक घेऊन आली आणि म्हणाली की मामा, हाच चालतोय, दुमड उसवायची गरज पडली नाही. दोन वर्षांत नाही. मामांना हा सरळसरळ अपमान वाटला. आधी त्यांनी फ्रॉक आपल्या हातचाच आहे का ते टाके मोजून पाहिलं. मग आपले डोळे गेले असतील म्हणून चष्मा पुसला. मग शिवानीला उभं करून तीन वेळा मोजलं, आणि भिंतीवरून तिच्या चार वर्षांच्या पट्ट्या काढून कापायच्या टेबलावर शेजारी शेजारी अंथरल्या. गळ्यापासून कमरेपर्यंतची खाच दर वर्षी पुढे सरकली होती, इतर पोरींसारखी. मनगटाची खाच मात्र जेमतेम हललेली, आणि कंबर ते घोटा तर जवळपास जिथल्या तिथे. मामांनी तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीच्या पट्ट्या काढून खाली लावल्या. तिथे सगळ्या खाचा बरोबरीने पळत होत्या. आणि त्याच वेळी, हे कशाने झालं म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा, खाली मान घालून त्या आईने सुईची गोष्ट सांगितली.

त्या दिवशी मामांनी आयुष्यातला सर्वांत मोठा राग केला असं त्यांच्या शेजारचा पानवाला सांगतो. रागाचं कारण पहिल्यांदा पोरगी नव्हतीच. कारण होतं सुई. चाळीस वर्षं मी सुई धरून राहिलो, ग्रहण आलं की दुकान बंद करतो का, असं ते रस्त्यावर येऊन विचारत होते. ग्रहणात शिवलेले कपडे घालून गावातली पोरं पोलिसात भरती झाली, त्यांचे पाय कुणी बघितले का, हेही विचारून झालं. मग ते पट्ट्यांची गुंडाळी काखेत मारून तडक शाळेत आले आणि माझ्या वर्गासमोर उभं राहून त्यांनी शिवानीचं आरोग्य कार्ड मागितलं.

आता इथे मला माझं पाप सांगावं लागतं. शाळेत दर वर्षी मुलांची वजन-उंची मोजून कार्डावर भरायची असते. साठ मुलं, उंची मोजायची पट्टी भिंतीवरून निघालेली, आणि वरून कागद मागवलेला. आम्ही मास्तर लोक मागच्या वर्षीच्या आकड्यात पाच सेंटीमीटर मिळवून टाकतो. लेकरू आहे, वाढणारच. शिवानीही माझ्या हस्ताक्षरात दर वर्षी पाच सेंटीमीटर वाढत आली होती. आणि तिसऱ्या डॉक्टरने तेच कार्ड पाहून तिच्या आईला सांगितलं होतं की उंची चांगली वाढतेय, उगाच काळजी करू नका, पुड्या चालू ठेवा.

मामांनी कार्ड पाहिलं, पट्ट्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. आवाज मात्र चढवला नाही. "हे लेकरू तुमच्या कागदावर वाढायलंय, सर," ते म्हणाले. "माझ्या दुकानात न्हाई."

पुढच्या सोमवारी शिवानी, तिची आई, मामा आणि मी नांदेडच्या एसटीत होतो. तिथे लहान मुलांच्या हाडांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत असं मी चौकशी करून काढलं होतं. एवढं तरी मी करायलाच हवं होतं. मामांनी अहमदपूरपर्यंत कंडक्टरच्या शर्टाच्या कॉलरवर आणि पुढे रस्त्यावर राग काढला. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर त्यांनी परवानगी न विचारता पट्ट्या पसरल्या. मला वाटलं आता आम्हाला बाहेर काढतात. पण त्या बाई उठून उभ्या राहिल्या, चष्मा वर करून एकेक खाच पाहू लागल्या, आणि हे कुणी मोजलं म्हणून विचारलं. मामा म्हणाले, मोजायचं काम ज्याचं त्यानं मोजलं. यात टोमणा कुणाला होता ते मला कळलं.

बाईंनी गुडघ्यांचे, खुब्याचे, मनगटाचे एक्स-रे फोटो काढायला लावले आणि रक्त तपासलं, जे सहा-सात वर्षांत कुणी केलं नव्हतं. पोरगी पाणी फार पिते का, भूक कमी झालीय का, पोट दुखतं का, असंही विचारलं. आई हो म्हणाली. तासाला दोनदा पाण्याला जाते म्हणून मीच तिला वर्गात बसवून ठेवत होतो, हे मी तिथे कबूल केलं. दुपारी रिपोर्ट आले. बाईंनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. हाडाच्या टोकाशी कूर्चा असते, तिचं हाड होत होत लेकरू उंच होतं. शिवानीच्या हाडांच्या टोकांना ते काम नीट जमत नाही, हातापायांत जास्त. फोटोत हे हुबेहूब मुडदुसासारखं दिसतं, म्हणून फसगत होते. पण मुडदुसात रक्त चुगली करतं. हिच्या रक्तात कसलीच कमतरता नव्हती. उलट पुड्या खाऊन खाऊन कॅल्शियम वर गेलं होतं, आणि अजून वर्षभर चाललं असतं तर मूत्रपिंडं बिघडली असती. पुड्या त्याच क्षणी बंद झाल्या. आजार दुर्मिळ आहे, जन्मजात आहे, औषध नाही. पाय जास्त वाकले तर पुढे ऑपरेशन करून सरळ करता येतात, आणि डोक्याला तर काहीच झालेलं नाही. नंतर रक्ताची आणखी एक तपासणी बाहेरगावी पाठवून त्यांनी खात्रीही करून घेतली.

शिवानीने विचारलं, मी वाढणारच नाही का? बाई म्हणाल्या, वाढशील, पण मैत्रिणींपेक्षा कमी. ती म्हणाली, बरं.  तिच्या आईने मात्र चाचरत विचारलं की जन्मजात म्हणजे पोटात असतानाच झालं ना? म्हणजे ते खरंच होतं ना?

मामा खुर्चीवरून उठले. "बाई, हे असं तोंडी चालायचं न्हाई. कागदावर लिवा. आईची गलती न्हाई म्हणून लिवा. मराठीत." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि पॅड ओढून लिहू लागल्या. लिहून होतंय तोच मामा पुन्हा म्हणाले, "सुईचंबी लिवा." कसली सुई, म्हणून मला सगळं सांगावं लागलं. इतकं शिकलेल्या त्या बाईंनी खाली आणखी एक ओळ लिहिली. आईने कागद घेतला, दोनदा वाचला आणि पुन्हा टेबलावर ठेवला.

"शिक्का मारता का, बाई?"

आमच्याकडे बिनशिक्क्याच्या कागदाला कुणी कागद म्हणत नाही. बाईंनी शिक्का मारला, जरा जास्तच जोराने, आणि त्यावर सही केली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शिवानीच्या आईने मला घरी बोलावलं, कागद सासूला वाचून दाखवायला. मास्तराने वाचलेलं म्हातारीला पटेल म्हणून. मामा न बोलावता आले होते आणि उंबऱ्याजवळ बसले होते. मी मोठ्याने वाचलं. या आजारात आईची काहीही चूक नाही. ग्रहणात सुई हातात घेण्याचा या आजाराशी काहीही संबंध नाही. म्हातारीने कागद मागून घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण ती शिक्क्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मंग म्या हिला सात वर्सं..." आणि कागद मांडीवर ठेवला. सून भिंतीला टेकून उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. आत भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर कुणीच काही बोललं नाही, मामासुद्धा. मी त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं आजवर पाहिलं नव्हतं, आणि ते मला अजिबात बरं वाटलं नाही.

ती चहा घेऊन आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. पहिला कप तिने मामांना दिला. मामांनी तो दोन्ही हातांत धरला, तिच्याकडे वर पाहिलं नाही, आणि घसा खाकरून म्हणाले, "चहा पार थंडा करून आनलास, पोरी."

कपातून वाफ निघत होती. मामांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर मारून मारून प्यायले.